क्षयाचा जंतू मारक टी पेशींना कळतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, परिचारिका, टीबीची औषधं चालू असलेले रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं, असा प्रयत्न आहे. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. 'टी पेशी जंतूला ओळखते' हे वाक्य आपण सगळेच सर्रास वापरतो, मीही वापरते. पण बहुतेक गैरसमजांचं मूळ त्याच वाक्यात आहे. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी प्रश्न २ आणि ११ वाचाच.

१. मारक टी पेशी म्हणजे काय? सगळ्याच टी पेशी मारक असतात का?

नाही. टी पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींमधला एक गट आहे. त्यांचा जन्म अस्थिमज्जेत होतो आणि त्या तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. अंगावरच्या खुणेवरून त्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. सीडी४ खूण असलेल्या मदतनीस टी पेशी रसायनं सोडून इतर पेशींना कामाला लावतात. सीडी८ खूण असलेल्या मारक टी पेशी विषाणू किंवा जंतू शिरलेल्या पेशीला, कधी कर्करोगाच्या पेशीला, चिकटून तिला संपवतात. ही विभागणी काटेकोर नाही. मारणाऱ्या सीडी४ पेशीही सापडतात आणि सीडी८ पेशीही गॅमा इंटरफेरॉन हे इतर पेशींना चेतवणारं रसायन सोडतात. या पानावर मात्र 'मारक' म्हणजे सीडी८ असं धरून चालू.

२. मारक टी पेशीला क्षयाचा जंतू दिसतो का?

नाही, कधीच नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जो काडीसारखा जंतू जगासमोर मांडला, तो मोकळा असताना टी पेशीच्या अगदी शेजारी आला तरी तिला त्याचा पत्ता लागत नाही. प्रतिपिंडांचं तसं नसतं. ती थेट जंतूच्या अंगाला चिकटू शकतात. टी पेशीच्या अंगावरचा ग्राही, म्हणजे ओळख पटवणारा रेणू, मात्र फक्त दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेल्या वस्तूच वाचू शकतो.

क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्याला गिळतात, आणि तो त्यांच्याच पोटात मुक्काम ठोकतो. आपल्या आत कोण बसलं आहे हे त्या मॅक्रोफेजनं स्वतःच बाहेर दाखवावं लागतं. म्हणजे टी पेशी ओळखते ती जंतूला नव्हे, तर जंतू बाळगणाऱ्या पेशीला. त्या पेशीनं काही दाखवलंच नाही, तर शेजारून जाणारी टी पेशी कितीही तयारीची असली तरी ती पुढे निघून जाते.

३. पेशी आतली वस्तू बाहेर दाखवते म्हणजे नेमकं काय करते?

पेशीत प्रोटिअॅसोम नावाची यंत्रणा असते. पेशीद्रव्यातल्या जुन्या, चुकलेल्या किंवा परक्या प्रथिनांचे ती तुकडे करते. टॅप नावाचा वाहक हे तुकडे आतल्या जाळीदार कप्प्यात ओढून घेतो. तिथे ते एमएचसी वर्ग १ या रेणूवर बसतात आणि तो रेणू तुकड्यासकट पेशीच्या पृष्ठभागावर येतो. माणसातल्या या रेणूंना एचएलए म्हणतात.

असा एक तुकडा अगदी जवळून पाहू. तो साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या सुट्या मण्यांचा, असतो. आपण ९ धरू. एचएलए रेणूच्या माथ्यावर एक खाच असते. तिचा तळ सपाट असतो आणि दोन्ही बाजूंना पिळदार भिंती असतात. तिची रचना १९८७ साली पहिल्यांदा स्फटिकावरून उलगडली. एचएलए-ए२ या प्रकारात तुकड्याचं दुसरं आणि शेवटचं अमिनो आम्ल खाचेतल्या खोलगट जागांत रुतून बसतं. दुसऱ्या जागी बहुधा ल्युसिन असतं, शेवटी ल्युसिन किंवा व्हॅलिन. मधला भाग थोडा वर उचललेला राहतो. टी पेशीचा ग्राही या उंचवट्यावर आणि दोन्ही भिंतींच्या काठांवर एकाच वेळी टेकतो. सगळी ओळख तेवढ्या चार-पाच अमिनो आम्लांच्या आकारावर होते.

पृष्ठभागावर असे हजारो रेणू असतात आणि त्यांच्यावरचे बहुतेक तुकडे पेशीच्या स्वतःच्याच प्रथिनांचे असतात. त्यांच्या गर्दीत परका तुकडा एखाद-दुसराच असला तरी मारक टी पेशीला तेवढा पुरतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. मला या विषयाचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे.

४. पण टीबीचा जंतू पेशीत एका बंद पिशवीत असतो ना? मग त्याची प्रथिनं पेशीद्रव्यात येतात कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्यानं विषय नीट समजून घेतला आहे. विषाणू पेशीद्रव्यातच आपली प्रथिनं बनवतात, त्यामुळे त्यांचे तुकडे आपोआप वर्ग १ वर चढतात. क्षयाचा जंतू फॅगोसोम नावाच्या पिशवीत असतो. पिशवीतल्या मालाची नेहमीची वाट एमएचसी वर्ग २ च्या रेणूंकडे जाते आणि ते रेणू वाचतात सीडी४ पेशी. मग सीडी८ पेशींना खबर कुठून लागते?

एक वाट जंतू स्वतःच उघडतो. त्याच्याकडे ईएसएक्स-१ नावाची स्राव-यंत्रणा आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं तीच बाहेर सोडते, आणि तिच्यामुळे पिशवीच्या पडद्याला इजा होते. पडदा फाटला की प्रथिनं पेशीद्रव्यात झिरपतात आणि तिथून पुढे प्रश्न ३ मधली साखळी सुरू होते. जंतूला या फाटण्याचा फायदाही होतो, कारण त्यामुळे त्याला पसरता येतं. पण त्याच फटीतून त्याची खबरही बाहेर जाते.

दुसरी वाट मरणाऱ्या पेशीतून जाते. जंतूनं भरलेला मॅक्रोफेज शिस्तीत मेला, म्हणजे फुटून न जाता लहान लहान पुड्यांत विभागला गेला, तर शेजारच्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे गिळलेला माल टी पेशींना दाखवणाऱ्या पेशी, त्या पुड्या गिळतात आणि त्यातला माल वर्ग १ वर मांडतात. हा मार्ग जंतूला नको असतो, म्हणून मॅक्रोफेजचं असं शिस्तीतलं मरण तो रोखू पाहतो.

५. जंतूकडे हजारो प्रथिनं असतील. टी पेशी त्यातली कोणती ओळखतात?

१९९८ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरं, जवळपास ४,००० जनुकं. टी पेशींचं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा थोड्याच प्रथिनांकडे जातं. त्यात ईसॅट-६, सीएफपी-१०, टीबी१०.४ आणि अँटिजेन ८५ यांची नावं सतत येतात. ही सगळी जंतू बाहेर सोडत असलेली प्रथिनं आहेत. जे बाहेर पडतं तेच पेशीच्या हाती लागतं.

ही यादी दोन पद्धतींनी बनते आणि त्यांतला फरक लक्षात ठेवायला हवा. पहिल्या पद्धतीत संसर्ग झालेल्या माणसाच्या टी पेशींना जंतूचे तुकडे देऊन पाहतात. कोणत्या तुकड्याची आठवण टी पेशींना आहे, हे त्यातून कळतं. दुसऱ्या पद्धतीत संसर्ग झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरचे तुकडे उतरवून घेतात आणि वस्तुमान-वर्णपटमापकानं, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रानं, वाचतात. पेशी प्रत्यक्षात काय मांडते आहे, हे त्यातून कळतं. मानवी मॅक्रोफेजवर असं वाचन केलं तेव्हा वर्ग १ वर ईएसएक्स घराण्यातल्या स्राव-यंत्रणांचा माल अपेक्षेपेक्षा जास्त दिसला. दोन्ही याद्या एकसारख्या असतील असं गृहीत धरू नका. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. संसर्ग झाल्यावर टी पेशी जाग्या व्हायला एवढे आठवडे का लागतात?

जंतू संथ आहे. त्याला एकाचे दोन व्हायला २० तासांच्या आसपास लागतात. सुरुवातीला तो वायुकोशातल्या मॅक्रोफेजमध्ये गुपचूप वाढतो. त्याचा माल डेंड्रायटिक पेशींनी लसिका ग्रंथीत नेईपर्यंत टी पेशींना काही कळत नाही. उंदरात एवढ्यालाच ८ ते १० दिवस जातात. जंतूचा एखादा नेमका तुकडा वाचू शकणारी टी पेशी तेव्हा लाखांत एखादी असते. ती सापडायची, तिच्या पिढ्या वाढायच्या, मग त्या फुप्फुसात पोचायच्या. माणसात त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह व्हायला २ ते ८ आठवडे लागतात ते यामुळेच. टी पेशी पोचतात तोवर जंतूचं बस्तान बसलेलं असतं.

७. मला आणि माझ्या भावाला एकाच माणसाकडून संसर्ग झाला. आमच्या टी पेशी एकच तुकडा ओळखतात का?

बहुधा नाही. एचएलए वर्ग १ चे ए, बी आणि सी असे तीन मुख्य प्रकार आहेत. प्रत्येकाचा एक नमुना आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणजे एका माणसात जास्तीत जास्त सहा. प्रत्येक नमुन्याची खाच वेगळी आणि तिला बसणारे तुकडेही वेगळे. सख्ख्या भावंडांचे सगळे नमुने जुळण्याची शक्यता साधारण चारात एक असते. नमुने जुळले तरी दोघांच्या टी पेशींचे ग्राही स्वतंत्रपणे घडलेले असतात.

टी पेशी तुकडा आणि स्वतःच्या शरीराचा एमएचसी रेणू, दोन्ही मिळूनच वाचते, हे रोल्फ त्सिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरा इथे दाखवलं. त्यांनी अभ्यास विषाणूवर केला होता, पण नियम टीबीलाही लागू आहे. १९९६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. या नियमाला अपवाद आहेत आणि ते फार सुंदर आहेत. ते पुढच्याच उत्तरात.

८. जंतूच्या भिंतीत तर मेण जास्त असतं. टी पेशींना प्रथिनंच कळतात, मेण कळत नाही का?

कळतं. १९९४ पर्यंत टी पेशी फक्त प्रथिनांचे तुकडे वाचतात अशी ठाम समजूत होती. त्या वर्षी सीडी१बी हा रेणू क्षयजंतूचं मायकॉलिक आम्ल टी पेशींपुढे मांडतो, हे सिद्ध झालं. मायकॉलिक आम्ल म्हणजे ६० ते ९० कार्बनांची लांबलचक साखळी, याच जंतूंच्या भिंतीची ओळख. सीडी१बीच्या आत एकमेकांना जोडलेले बोगदे आहेत. साखळीची लांब शेपटी त्यांत वळवून भरलेली असते आणि फक्त तिचं डोकं बाहेर राहतं. टी पेशी ते डोकं वाचते. सीडी१ए आणि सीडी१सी जंतूचे इतर स्निग्ध रेणू मांडतात.

एचएलए माणसागणिक बदलतं, सीडी१ जवळजवळ सगळ्यांत सारखंच असतं. म्हणजे इथे सगळी माणसं एकच तुकडा वाचू शकतात. लसीच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे.

आणखी तीन वाटा आहेत. एमआर१ हा रेणू रायबोफ्लेविन, म्हणजे बी२ जीवनसत्त्व, बनवताना जंतूत तयार होणारे मधले पदार्थ मांडतो आणि ते मेट नावाच्या टी पेशी वाचतात. आपलं शरीर हे जीवनसत्त्व बनवत नाही, त्यामुळे ते पदार्थ दिसले की आत जंतू आहे हे कळतं. एचएलए-ई हाही जवळपास सगळ्यांत सारखा असलेला रेणू आहे. तो जंतूच्या प्रथिनांचे काही तुकडे सीडी८ पेशींना दाखवतो. शिवाय गॅमा-डेल्टा टी पेशी जंतूच्या चयापचयातल्या फॉस्फेटयुक्त लहान रेणूंवर उठतात. या सगळ्यांना 'मारक टी पेशी' म्हणावं का, यावर वाद घालता येईल. त्या मारतात, एवढं खरं.

९. ओळख पटल्यावर काय होतं? पेशी मेली म्हणजे आतला जंतूही मेला का?

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सरपटत जाणारी टी पेशी एकदम थबकते. समोरच्या पेशीला चपटी होऊन चिकटते. काही मिनिटांत तिच्या आतले कणीदार साठे चिकटलेल्या बाजूला गोळा होतात आणि दोघींमधल्या चिंचोळ्या फटीत रिकामे होतात. त्यात परफोरिन असतं, ते पडद्याला भोकं पाडतं. ग्रॅन्झाइम असतात, ते पेशीला शिस्तीतल्या मरणाच्या वाटेला लावतात. आणि माणसात ग्रॅन्युलायसिन असतं. ते जंतूच्याच पडद्याला इजा करतं. परफोरिनच्या साथीनं ते पेशीच्या आतल्या क्षयजंतूंनाही मारतं, हे १९९८ साली दाखवलं गेलं.

तरीही 'पेशी मेली म्हणजे जंतू मेला' असं नाही. पेशी फुटून मेली तर जंतू बाहेर सांडतात आणि मृत ऊतकात वाढत राहतात. पुड्या होऊन मेली तर ते आत अडकून पडतात आणि ताजे मॅक्रोफेज त्या पुड्या गिळतात. म्हणून टी पेशी मारण्यासोबत गॅमा इंटरफेरॉन आणि टीएनएफ ही रसायनं सोडते. त्यानं आजूबाजूचे मॅक्रोफेज चेततात आणि गिळलेला जंतू आम्लात बुडवू लागतात. माझ्या मते टीबीत मारण्याइतकंच हे चेतवणंही महत्त्वाचं आहे, पण 'मारक' या नावामुळे त्याकडे लक्ष जात नाही.

१०. टीबीत सीडी४ महत्त्वाच्या की सीडी८?

सीडी४. एचआयव्हीत त्या पेशी घटतात आणि टीबीचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, यापेक्षा मोठा पुरावा नको. पण म्हणून सीडी८ वरकड ठरत नाहीत. २००९ मध्ये बीसीजी दिलेल्या किंवा आधीचा संसर्ग औषधांनी बरा केलेल्या माकडांतल्या सीडी८ पेशी काढल्या, तेव्हा त्यांचं संरक्षण ढासळलं. त्याच वर्षी असंही दिसलं की टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधानं ग्रॅन्युलायसिन बाळगणाऱ्या सीडी८ पेशी कमी होतात. संधिवातावरचं हे औषध घेणाऱ्यांत दबलेला टीबी उसळतो, त्यामागचं हे एक कारण असू शकतं.

११. रुग्णाच्या रक्तात एवढ्या टीबीविरोधी टी पेशी असतात, तरी रोग का होतो?

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच. रक्तातल्या टी पेशी मोजणं सोपं आहे. त्यांनी संसर्ग झालेली पेशी खरोखर ओळखली का, हे पाहणं अवघड आहे, आणि इतकी वर्षं आपण मुख्यतः सोपी गोष्ट मोजत आलो.

उंदरातलं एक उदाहरण डोळे उघडणारं आहे. टीबी१०.४ च्या एका तुकड्याविरुद्ध उंदराच्या फुप्फुसात सीडी८ पेशींची अक्षरशः फौज उभी राहते. त्या पेशींना कृत्रिम तुकडा दिला की त्या जोरात उठतात. पण जिवंत क्षयजंतू असलेल्या मॅक्रोफेजशेजारी ठेवल्या तर त्या ढिम्म राहतात. ही गोष्ट २०१८ मध्ये नीट दाखवली गेली. जंतू वाढत असलेला मॅक्रोफेज तो तुकडा पुरेसा मांडतच नाही. मग ही फौज उभी कुणी केली? बहुधा लसिका ग्रंथीतल्या दुसऱ्याच पेशींनी, ज्यांनी तो माल प्रश्न ४ मधल्या दुसऱ्या वाटेनं मिळवला. म्हणजे टी पेशी घडतात एकीकडे दिसलेल्या तुकड्यावर आणि त्यांना लढायचं असतं तो तुकडा न दाखवणाऱ्या पेशीशी.

जागेचाही अडथळा आहे. फुप्फुसात जंतूंभोवती गाठ तयार होते. जंतू असलेले मॅक्रोफेज तिच्या मध्यभागी असतात आणि बहुतेक टी पेशी कडेच्या पट्ट्यात अडकून राहतात. स्पर्श झाल्याशिवाय ओळख नाही.

१२. फ्लूचा विषाणू रूप बदलतो. क्षयाचा जंतूही आपले तुकडे बदलून टी पेशींना चुकवतो का?

नाही, आणि हे चक्रावून टाकणारं आहे. २०१० मध्ये जगभरातल्या वेगवेगळ्या वाणांची तुलना झाली, तेव्हा टी पेशी वाचतात ते भाग जंतूच्या जनुकसंचात सर्वांत कमी बदललेले निघाले. टी पेशींनी ओळखल्यामुळे जंतूचं नुकसान होत असतं, तर हे भाग केव्हाच बदलले असते. एक अर्थ असा लावतात की ही ओळख जंतूला हवीच असते. टी पेशींच्या माऱ्यानं फुप्फुसात पोकळी पडते आणि तिथूनच खोकल्यावाटे तो पुढच्या माणसाकडे जातो. हे स्पष्टीकरण मला पटतं, पण सगळ्या तुकड्यांना ते लागू होत नाही. बदलणारे काही मोजके तुकडेही सापडले आहेत, आणि लसीसाठी तेच जास्त उपयोगी पडतील असं काही संशोधकांना वाटतं.

१३. बीसीजी घेतली आहे. मग माझ्या मारक टी पेशी तयार असायला हव्यात ना?

थोड्याफार. काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या टीबीचा जंतू २३० वेळा नव्या माध्यमात वाढवून सौम्य केला. त्या प्रवासात जनुकांचा एक भाग गळून गेला आणि ईएसएक्स-१ यंत्रणेचा गाभा त्याच भागात होता. त्यामुळे बीसीजी पिशवी फाडत नाही, तिचा माल पेशीद्रव्यात कमी झिरपतो आणि सीडी८ पेशींना धडा कमी मिळतो. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० तर तिच्याकडे नाहीतच. लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं संरक्षण देते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत तिचा भरवसा देता येत नाही.

१४. रक्ताची इग्रा तपासणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे मारक टी पेशींना जंतू सापडला?

म्हणजे तुमच्या टी पेशींची जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. रक्त घेतात त्या नळीत ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे असतात. ते ओळखून टी पेशींनी गॅमा इंटरफेरॉन सोडलं, तर तपासणी पॉझिटिव्ह येते. हे काम मुख्यतः सीडी४ पेशींचं असतं. क्वांटिफेरॉन प्लस या इग्राच्या एका प्रकारात सीडी८ पेशींसाठी आखूड तुकडे असलेली जादा नळी आहे. दबलेला संसर्ग आणि चालू रोग यांतला फरक या प्रकारालाही करता येत नाही. बीसीजीमुळे इग्रा पॉझिटिव्ह येत नाही, याचं कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

१५. औषधांना दाद न देणारा टीबी टी पेशींना ओळखता येतो का?

येतो. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूत बहुधा आरपीओबी या जनुकात बदल झालेला असतो. टी पेशी वाचतात ते नेहमीचे तुकडे दुसऱ्या प्रथिनांमधले, ते तसेच राहतात.

१६. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लागू होतात का?

जपून. उंदरात सीडी१ए, बी आणि सी नाहीत. ग्रॅन्युलायसिनही नाही. म्हणजे प्रश्न ८ आणि ९ मधला बराच भाग उंदरात दिसणारच नाही. एक जुनं उदाहरण सांगते. १९९२ मध्ये बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नसलेले उंदीर टीबीनं लवकर मरतात असं दिसलं. हे प्रथिन नसेल तर वर्ग १ चे रेणू नीट तयार होत नाहीत, म्हणून तो सीडी८ पेशींच्या महत्त्वाचा पुरावा मानला गेला. पुढे कळलं की अशा उंदरांत लोह साठतं आणि जंतूला ते पोसतं. मूळ निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरला नाही, पण त्याचं वजन कमी झालं.

१७. टी पेशींवरचा ब्रेक काढून टाकला, तर टीबी लवकर बरा होईल का?

उलट होऊ शकतं. पीडी-१ हा टी पेशींवरचा ब्रेक आहे आणि कर्करोगाच्या काही औषधांनी तो सोडवतात. पण पीडी-१ नसलेले उंदीर टीबीत साध्या उंदरांपेक्षा लवकर मरतात. अनावर झालेल्या सीडी४ पेशी फुप्फुसाचाच नाश करतात. ही औषधं घेताना टीबी उसळल्याच्या घटना माणसांतही नोंदल्या गेल्या आहेत. तुम्हाला किंवा घरात कुणाला ती सुरू होणार असतील, तर पूर्वी होऊन गेलेला टीबी किंवा पॉझिटिव्ह आलेली इग्रा डॉक्टरांना आधी सांगा.